प्राण गेला ती जागा

दिनकर, मला भीती वाटते आहे. तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. गाव म्हणतं, महाराज, दुःख आवरा. दुःख आहेच, पण त्याच्याआधी भीती येऊन बसते. सकाळी देवळाकडे जाताना तुझ्या घरावरून जावं लागतं, आणि तेवढी वीस-पंचवीस पावलं मी खाली मान घालून, मंत्र पुटपुटल्यासारखं करत काढतो. मंत्र कुठलाच नसतो.

शाळेच्या हेडमास्तरांनी तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. जन्म कधी, शिक्षण कुठे, विज्ञान शिकवायला वडनेरला कधी आलास, सगळं व्यवस्थित लिहून देईन. मुलं ते सभेत वाचतील आणि टाळ्या वाजवतील. हे लिहितो आहे ते त्यांना द्यायचं नाही. हे तुझं माझं आहे.

मी भित्रा, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. गावाचा भिक्षुक म्हणून माणूस गेलं की पहिलं बोलावणं मला येतं, स्मशानात सगळ्यांच्या पुढे मी उभा असतो, आणि तिथून परतताना माणसांच्या मधोमध घुसून चालतो. तू शेजारून चालायचास आणि मुद्दाम माझ्या खांद्यावर हात ठेवायचास. लोकांना वाटायचं, मास्तर महाराजांना मान देतो.

एकसष्ट सालच्या एप्रिलात तू नांदुऱ्याहून पेपर घेऊन येणाऱ्या मोटारीची वाट न पाहता, रेडिओवर ऐकलं तसा धावतच माझ्या ओट्यावर आला होतास. "महाराज, मानूस वर गेला बे. पृथ्वीले चक्कर मारून वापस आला." तुझा आवाज फुटत होता. मी विचारलं, "उतरला कसा?"

"वर गेला त्याचं काई नाई, उतरला कसा ते तुले पायजे?"

"मले झाडावर चढाची भीती नाई वाटत दिनकर, उतराची वाटते."

तू एवढा हसलास की घरातून बायको बाहेर आली. मग माझा पूजेचा तांब्या घेतलास, पाण्यानं भरलास, त्याच्या गळ्याला सुतळी बांधलीस आणि अंगणात उभा राहून गरगर फिरवू लागलास. पाणी सांडत नव्हतं. माणूस वरून का पडत नाही हे तू मला समजावत होतास. मी डोळे मिटून घेतले होते, कारण सुतळी जुनी होती.

तेव्हापासून तू मला आकाश शिकवलंस. दुपारी शाळेच्या मधल्या सुट्टीत यायचास. मुलांना जे सांगायचं ते आधी मला सांगून पाहायचास, आणि मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल, असं माझ्या तोंडावर म्हणायचास. मला राग येत नसे. गावात माझ्याशी तिथी आणि मुहूर्त सोडून दुसरं कोण काय बोलत होतं?

मग त्रेसष्ट साल आलं. त्या वर्षी पहिली बाई अवकाशात गेली. तू शकूला मांडीवर घेऊन सांगत होतास, एक बाई एकटीच पृथ्वीभोवती फिरते आहे. शकू चार वर्षांची. तिनं विचारलं, "तिची वेनी कोन घालून देते?" तू मला सांगायला आलास तेव्हा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होतास. म्हणालास, असा प्रश्न एकाही पेपरवाल्याला सुचला नाही.

श्रावणात घटसर्पानं शकू गेली. मोटार करून तिला नांदुऱ्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरेपर्यंत ती गेली. तुमच्या मधल्या खोलीत, पाळण्याच्या कडीखाली.

आपल्या गावची रीत तुला वेगळी सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. जिथे माणसाचा प्राण गेला त्या जागी, दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, ज्वारीचं पीठ वस्त्रगाळ करून पसरायचं. शेजारी पणती ठेवायची. पिठावर टोपलं पालथं घालायचं. सकाळी टोपलं उचलून पाहायचं. पिठावर जे चिन्ह उमटलं असेल त्या जन्माला माणूस गेलं. टोपलं उचलायचा मान भिक्षुकाचा.

पीठ बहुतेक वेळा कोरंच असतं. एखादी मुंगी जाते, कधी झुरळ. माझ्या वडिलांनी मला मंत्रांच्याही आधी एक गोष्ट शिकवली होती. टोपलं आपल्या अंगाकडून उचलायचं, डावा हात खाली सरकवायचा, आणि नखानं चार रेघा. तीन पुढे, एक मागे. चिमणीचं पाऊल होतं. दोन बोटं टेकली की गाईचं खूर. "कोरं पीठ दाखोशीन त ते बाई आयुष्यभर कोठी पाहीन?" असं वडील म्हणायचे. तीस वर्षं मी ते करत आलो. कुणाला दगा देतो आहे असं मला कधी वाटलं नाही.

शकूच्या आईनं, वहिनींनी, नऊ दिवस अन्नाला शिवलं नव्हतं. मी टोपलं उचललं. त्या पिठाकडे पाहत राहिल्या, आणि एकदम म्हणाल्या, "चिमनी झाली माही पोट्टी." त्या दिवशी त्या जेवल्या. तेव्हापासून रोज सकाळी डब्यातली मूठभर ज्वारी घेऊन त्या अंगणात टाकतात, ते आजवर.

तेराव्यानंतर तू मला माझ्या ओट्यापर्यंत पोचवायला आलास. वळताना म्हणालास, "नख कापत जाय बे." मी बोटाकडे पाहिलं. चार दिवस झाले होते, पीठ कधीच निघून गेलं होतं. पण तुला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. मला वाटलं, आता गावाला सांगेल. तू कुणालाच सांगितलं नाहीस. वहिनींनाही नाही. माझ्याशीसुद्धा सहा वर्षं त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस.

तू आकाशाबद्दलच बोलत राहिलास. अडुसष्टच्या हिवाळ्यात एक दुर्बीण वर गेली. आधी एक गेली होती ती दोन-तीन दिवसांत बंद पडली, तेव्हा तू घरातलंच कुणी आजारी असल्यासारखा हिंडत होतास. ही दुसरी टिकली. मी म्हणालो, दुर्बीण वर कशाला न्यायची, तारे इथूनही दिसतात. तू म्हणालास, हवेतून तारे पाहणं म्हणजे पुराच्या पाण्यात बुडी मारून काठावरची माणसं ओळखणं. हवेच्या बाहेर गेलं की स्वच्छ. शिवाय आपल्या डोळ्यांना दिसतच नाही असाही एक उजेड ताऱ्यांमधून निघतो आणि हवा तो अडवून धरते. तो ती दुर्बीण पाहते.

"तिच्यापाशी मानूस कोन हाये?" मी विचारलं.

"कोनीच नाई. एकटी हाये."

मला ते आवडलं नाही. कुणीही मालक नसलेला एवढा मोठा डोळा डोक्यावरून फिरतो आहे. "ते खाली पाह्यते का बे?"

"तुले पाहून काय करन ते? सत्यनारायन घालन?"

मी चिडलो. म्हणालो, "दिसत नाई तो उजेड हाये म्हनून तू सांगतू, त सारे मास्तर म्हनून हात जोडते. मी दिसत नाई ते सांगतो त तू हासतू." तू हसायचा थांबलास. म्हणालास, "फरक हाये महाराज. तिले जे दिसलं नाई, ते दिसलं असं ते म्हनत नाई." मी पंचांग उघडून बसलो. तुलाही पुढे बोलावंसं वाटलं नसावं, कारण आपण दोघं त्या पिठाबद्दलच बोलत होतो.

पुढच्या पावसाळ्यात माणसं चंद्रावर उतरली, आणि माझ्यावर वेगळंच संकट आलं. संकष्टीला बायका विचारू लागल्या, महाराज, बूट घालून मानसं चालली त्याच्यावर, आता अर्घ्य द्याचं का नाई? माझी पाचावर धारण बसली. मी जे बोललो असतो ते गावानं ऐकलं असतं, आणि मला काहीच ठरवता येत नव्हतं. तूच ओट्यावर बसल्या बसल्या म्हणालास, "चंद्र तोच हाये माय. पाव्हने येऊन गेले म्हनून घर बाटते का?" बायका हसत घरी गेल्या. पोथ्या न मानणाऱ्या माणसानं माझी पूजा वाचवली. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आज मानतो.

थोड्या दिवसांनी पेपरात चंद्रावरच्या मातीत उमटलेल्या बुटाचा फोटो आला. तू तो कापून माझ्यापुढे ठेवलास. "हे पाह्य. तुह्या धंद्यातलं काम हाये." मी हसलो, आणि हसताना तुझ्याकडे पाहिलं तर तू हसत नव्हतास. "महाराज," तू म्हणालास, "शाळंत पोरायले सांगतो, पाह्यल्याशिवाय मानू नका. घरी येतो, आन बायको दुखन्यानं पडून असली का चिमन्यायले दाने मीच टाकतो. सहा वर्स झाले. मले सांग, मी कोन हावो?"

मी म्हणालो, बाई जगली ना. तू म्हणालास, जगली. मी म्हणालो, मग? तू म्हणालास, मग काही नाही, पण ती रोज कुणाला जेवायला घालते ते आपल्या दोघांना ठाऊक आहे आणि तिला नाही. आपण त्या दिवशी बराच वेळ भांडलो. मी ओरडलो, तू ओरडलास, माझी बायको चहा ठेवून परत आत गेली. तू निघालास तेव्हा फोटो तिथेच विसरलास. मी तो पंचांगात ठेवला आणि पुढे ते पंचांग जुनं झालं.

यंदा, एकाहत्तरच्या जूनच्या शेवटी, ते तीन रशियन अंतराळवीर मेले. त्यांच्याबद्दल तू तीन आठवडे रोज बोलत होतास. माणसं आता वर जाऊन राहू लागली आहेत, तिथे चूल नाही पण जेवतात, व्यायाम करतात, झोपतात. इतके दिवस आजवर कुणी राहिलं नव्हतं. मग ते परत आले. छत्री नीट उघडली, यान हलकेच माळावर टेकलं. लोक धावत गेले, दार उघडलं. तिघेही आपापल्या जागी बसलेले होते, अंग अजून गरम होतं आणि जीव नव्हता. उतरायच्या आधी वरच कुठली तरी झडप उघडली होती आणि आतली हवा निघून गेली होती.

तो पेपर हातात घेऊन तू मधल्या सुट्टीत आलास. दहा वर्षांत तुला घाबरलेला मी पहिल्यांदा पाहत होतो. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं, कारण मी एकटा नव्हतो. "तू म्हने होता ना," तू म्हणालास, "उतराची भीती वाटते." मी म्हणालो, तसं काही मनात ठेवू नकोस. तू ओट्याच्या कडेला बसलास.

"महाराज, हे पृथ्वीच्या बाहीर मेलेले पह्यले मानसं हायेत. यायचा प्रान गेला ते जागा कोनती? तू पीठ कोठी पसरशीन?"

मला हे कधी सुचलं नव्हतं. ती जागा तर त्याच घटकेला मागे पडली असणार, आणि पृथ्वीसुद्धा तिथून पुढे गेली असणार. मी म्हणालो, "नाई पसरता येत."

"आन पसरलं, त कोरं निंघन."

"हो."

"मंग माह्या वक्ती पीठ पसरजो," तू म्हणालास, "तुह्या वहिनीसाठी पसरजो. पन कोरं निंघालं त कोरं हाये म्हनून सांगजो. बोट लावजो नोको. शब्द दे." मी विषय टाळला, तू सोडेनास. शेवटी मी शब्द दिला. मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं. "मी कोरं म्हनलं, आन वहिनीनं शकूच्या चिमनीचं इचारलं, त काय सांगू?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालास, "घंटा झाली बे. उद्या सांगतो." आणि उठून गेलास.

उद्या तू आलास, पण भलतंच काही बोललास. परवाही आलास. मीही पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर बाराव्या दिवशी सकाळी चहाची बशी हातात धरून तू मधल्या खोलीत बसलास तो पुन्हा उठला नाहीस. वहिनींनी हाक मारली तेव्हा बशीतला चहा सांडलासुद्धा नव्हता.

नवव्या संध्याकाळी पीठ मीच गाळलं. जागा तीच खोली, शकूच्या जागेपासून हातभर अंतरावर. तुझा नांदुऱ्याचा पुतण्या दिवसकार्याला आला होता, त्यानं टोपलं आणून दिलं. पीठ पसरताना मला दोन्ही बाजूंनी भीती वाटत होती. कोरं निघालं तर काय, ही एक. आणि मी हात न लावता काही उमटलेलंच निघालं तर काय, ही दुसरी. ही दुसरी ऐकून तू माझी आठवडाभर टिंगल केली असतीस.

सकाळी वहिनी समोर बसल्या होत्या. मी टोपलं उचललं. पीठ कोरं होतं, जसं पसरलं तसंच. माझं बोट आपोआप वळलं. तीस वर्षांची सवय आहे ती, तिला काय कळतं? मी तो हात ओढून मांडीखाली दाबून धरला. "वहिनी," मी म्हणालो, "काईच नाई. पीठ कोरं हाये."

हे वाक्य मी कुठल्याच घरात कधी म्हटलं नव्हतं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. वहिनी पुढे सरकल्या, पिठावर वाकल्या.

"मुंगीबी नाई?"

"नाई."

"हे म्हनेच," त्या म्हणाल्या, "मी मेल्यावर कोठीच जानार नाई म्हनून." त्या रडल्या नाहीत. मला वाटलं, सुटलो. मग त्या उठल्या, डब्यातून रोजच्यासारखी मूठभर ज्वारी घेतली आणि अंगणात गेल्या. पुतण्या नदीवर जायची तयारी करत होता. पत्र्यावर चिमण्या येऊन बसल्या होत्या. वहिनींनी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. मूठ उघडेना. मी आतून पाहत होतो.

वळून न पाहता त्या म्हणाल्या, "महाराज, तुमी हात मांडीखाली काऊन घेतला होता?"

"बोट दुखते वहिनी," मी म्हणालो.

"हाव," त्या म्हणाल्या, आणि मूठ उघडली.

तेव्हापासून रोज सकाळी मी खाली मान घालून जातो, आणि तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून अंगणात दाणे पडले आहेत का ते पाहतोच. आजवर पडत आले. पण काल त्या दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "महाराज, एक इचाराचं हाये. सवडीनं येजा." मी म्हणालो, उद्या येतो. तो उद्या म्हणजे आज.

रात्रभर मी तुझ्यावर संतापलो होतो. मला शब्दात अडकवून उत्तर न देता गेलास म्हणून. पहाटे मला ती घंटा आठवली. दिनकर, त्या दिवशी घंटा झालीच नव्हती. शाळा माझ्या ओट्यावरून दिसते. मुलं अजून पटांगणात खेळत होती, तू गेल्यावर कितीतरी वेळानं घंटा झाली. मी ती ऐकली होती, आणि आज पहिल्यांदा तिचा अर्थ लावतो आहे. तुझ्याकडे उत्तर नव्हतं. आठ वर्षं रोज ज्या बाईच्या हातचं जेवलास तिला हे सांगायची तुझी छाती झाली नाही, आणि गावातल्या सगळ्यांत भित्र्या माणसावर ते टाकून तू गेलास. रागच यायला हवा. पण तुला ओट्याच्या कडेला बसलेला आठवतो आणि राग टिकत नाही.

मी आता निघतो आहे. त्या विचारतील, आणि मी खरं सांगेन, कारण एकदा कोरं म्हटल्यावर दुसरं काही माझ्या तोंडून निघणार नाही. चिमणी मी काढली, हे सांगेन. मग त्या विचारतील, ह्यांना ठाऊक होतं का? ते मला टाळता येणार नाही. माझ्यावर रागावल्या तर मला पुन्हा घरात घेऊ नका म्हणतील, आणि मी दुसऱ्या वाटेनं देवळात जाईन. तुझ्यावर रागावल्या, तर तू कुठे जाशील?